कुंकवाची खूण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. नंतर मधे मधे हसलात तर माझं सांगणं अडखळतं, आणि अडखळण्याचाच हा किस्सा आहे. शिवाय माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आमच्या शहापुरात ती चार गल्ल्या फिरून आली तर तिला भलतेच हातपाय फुटतील!

तर, लग्न होऊन मला तेव्हा चारच महिने झाले होते. माहेर निपाणीचं, तंबाखूवाल्यांचं. सासर बेळगावात, शहापुरातलं विणकरांचं. घरात शिरताच उजव्या हाताला माग. खड्ड्यात पाय सोडून मामंजी दिवसभर खटखट खटखट विणत बसायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरायच्या. आमचे 'हे' कॅम्पातल्या एका दुकानात कारकून. सकाळी सायकलवर गेले की संध्याकाळीच दिसायचे.

आणि मी? मी गप्प. स्वभावच तसा. लोक बोलतात आणि मी बघते. गल्लीत मला 'मुकी सून' म्हणत. तोंडावर नव्हे हो, पण कान काही मुके नव्हते माझे.

त्या मुक्या सुनेला बोलतं करायला भेटलं भगिनी मंडळ. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर दर गुरुवारी दुपारी भरायचं. चालवणाऱ्या होत्या एक मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण छडी नुसती हातातूनच गेली होती, आवाजात होती तशीच होती. त्यांनी एक नवीन टूम काढली होती. ताटात विषयांच्या चिठ्ठ्या घालायच्या, एक उचलायची, आणि जो विषय येईल त्यावर उभ्या उभ्या तीन मिनिटं बोलायचं. तयारी नाही, कागद नाही. तीन मिनिटं झाली की त्या घंटा वाजवणार.

पहिल्या गुरुवारी मला 'उखळ' आलं. मी म्हटलं, "उखळ दगडाचं असतं." मग खूप विचार केला आणि म्हटलं, "लाकडाचंही असतं." आणि खाली बसले. घंटेला हातसुद्धा लागला नव्हता!

पण गुरुवारची मला चटक लागली. दुपारी दोन तास घराबाहेर, बायकांत बसायचं, कुणी भाकरी विचारणार नाही, कुणी कांडी मागणार नाही. सुख म्हणतात ते हेच असावं.

आत्याबाईंना मात्र ते पटेना. एक दिवस रहाट थांबवून म्हणाल्या, "दर बेस्तरवारी जातीस. येतीस तवा तोंडातनं चकार शब्द न्हाय. मग तिथं शिकीवत्यात तरी काय गं?"

"बोलायला, आत्याबाई."

"बोलाय? आणि ते शिकाय लागतंय व्हय?" त्यांनी पुन्हा रहाट फिरवला. "बरं. पुढल्या म्हैन्यात तुमचा मोठा कार्यक्रम हाय म्हंत्यात. मी येतो बघाय. तू नीट बोललीस तर जा बापडे. न्हाय तर गुरुवारचं घरात बस, कांड्या लई पडल्यात."

झालं! सगळे गुरुवार त्या तीन मिनिटांवर येऊन बसले.

दुसरी एखादी घाबरली असती. मी नाही घाबरले. मी मराठी सातवी पास होते! आणि माझं अक्षर वळणदार म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम मास्तरीणबाईंनी माझ्याकडेच दिलं होतं. आता तुम्हीच सांगा, ज्या हाताने चिठ्ठी लिहायची त्याच हाताने ती उचलायची असेल तर माणसाच्या मनात काय येईल?

तेच माझ्या आलं.

बारा विषय होते. त्यातला 'हातमाग' मीच सुचवलेला. विणकरांच्या सुनेला तोच शोभणार ना? मी त्यावर झकास भाषण लिहून काढलं. 'हातमाग हा आपल्या पूर्वजांचा अमोल ठेवा' इथपासून 'भगिनींनो, जाग्या व्हा' इथपर्यंत. माग घरात होता, पण उठून त्याच्याजवळ जाऊन बघायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही. जुन्या मासिकात एक लेख सापडला होता, तो पुरे होता की!

भाषण आयत्या वेळचं वाटावं म्हणून मी त्यात अडखळण्याच्या जागासुद्धा ठरवून ठेवल्या. 'अं… काय बरं म्हणत होते मी?' हे वाक्य मी चुलीपुढे बसून इतक्यांदा घोकलं, की ह्यांनी एकदा दारातून विचारलं, "सकाळपासून तू काय म्हणत होतीस ते अजून आठवेना?"

राहिली खूण. बाराही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या. मी 'हातमाग'च्या चिठ्ठीला कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. बारीकच, मोहरीएवढं. कुणी पाहिलं तरी काय वाटणार? देवळात कुंकू उडतंच. माझ्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी भाकऱ्यासुद्धा टम्म फुगल्या.

कार्यक्रमाचा दिवस आला. ओसरी बायकांनी भरली. मी चिठ्ठ्यांचं ताट मारुतीपुढे ठेवलं आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला विहिरीवर गेले. आत्याबाई बरोबरच आल्या होत्या, त्यांना ओसरीवर पुढे बसवून गेले. परत आले तो कार्यक्रम सुरूच झाला होता. मी मागे जागा मिळाली तिथे टेकले.

पहिलीला 'चुलीचा धूर' आला. दुसरीला 'शेजारीण' आली आणि ती शेजारणीकडे बघत बघत बोलली, ते वेगळंच प्रकरण आहे. माझी चिठ्ठी अजून ताटातच होती! मी निवांत.

"आता आमच्या अक्षरवाल्या सूनबाई!" मास्तरीणबाईंनी पुकारलं.

मी उठले, पदर सारखा केला, पुढे गेले. ताटात पाहिलं आणि माझे पाय तिथेच रुतले.

दहाही चिठ्ठ्यांना कुंकू होतं! मोहरीएवढं नव्हे, चांगलं ठसठशीत!

मंडळाची कामं बघणारी चंद्राक्का ताटाशीच बसली होती. मी ओठ न हलवता विचारलं, "हे कुणी केलं?"

"तुझ्या सासूबाईंनी गं!" चंद्राक्का कौतुकाने कुजबुजली. "म्हणाल्या, देवाम्होरं ठेवलंय, आणि एकीलाच कुंकू, बाकीच्या कोऱ्या? शुभकार्याला असं बरं दिसत न्हाय. करंडा काढून सगळ्यांना लावलं बघ. किती धार्मिक बाई!"

धार्मिक! समोर आत्याबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि माझ्याकडे अगदी शांत बघत होत्या.

मी डोळे मिटून एक उचलली. उघडली. 'आगगाडी.'

आता गंमत ऐका. निपाणीला आगगाडी नाही. मी सासरी आले ती सर्व्हिस मोटारीने. आगगाडी मी आयुष्यात लांबून पाहिली होती, तीही नुसता धूर. खरं तर एवढंच सांगितलं असतं तरी तीन मिनिटं सहज निघाली असती. पण माझ्या पोटात 'हातमाग' काठोकाठ भरला होता ना! तो कुठे जाणार?

मी घसा खाकरला. "भगिनींनो! आगगाडी म्हणजे काय? दोन लांब रूळ. हे रूळ कसे दिसतात? ताणलेल्या सुतासारखे. आणि सूत म्हटलं की आपल्याला कशाची आठवण होते? हातमागाची! हातमाग हा आपल्या पूर्वजांचा अमोल ठेवा आहे…"

"अगं बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "गाडी ठेसनात यायच्या आधीच वळवली की हिनं!"

ओसरीवर खसखस पिकली. मी काही थांबले नाही. मला वाटलं, हसतात म्हणजे आवडतंय. आवाज चढवला. ठरवलेली अडखळायची जागा आली, तिथे नेमकी अडखळले. "अं… काय बरं म्हणत होते मी?"

"आगगाडी!" वीस बायका एका सुरात ओरडल्या.

"हां, आगगाडी! आगगाडीच्या वेगाने आपला विणकर काम करतो. एका दिवसात दोन दोन लुगडी तो लीलया विणून मोकळा होतो! तेव्हा भगिनींनो, जाग्या व्हा!"

घंटा झाली. टाळ्याही झाल्या. मी घामाघूम होऊन बसले, पण मनात म्हटलं, निभावलं! तीन मिनिटं पुरी बोलले. गुरुवार वाचले.

तेवढ्यात मास्तरीणबाईंना हुक्की आली. "आज आपल्याकडे पाहुण्या आल्यात. सूनबाईंच्या सासूबाईंनीही एक चिठ्ठी काढावी!"

"अगं बया, मला कुठलं बोलाय येतंय? आणि मला वाचाय बी येत न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता उठल्या. उचललेली चिठ्ठी त्यांनी मास्तरीणबाईंच्या हातात दिली.

मास्तरीणबाईंनी वाचलं, "हातमाग."

मला वाटलं धरणी दुभंगावी. पण शहापुरातली धरणी, तिच्यात आधीच मागाचे इतके खड्डे, आणखी एक कशाला पडेल?

आत्याबाई बायकांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बायांनो, पूर्वजांचा ठेवा का काय ते मला ठावं न्हाय. मला खड्ड्यातलं माणूस ठावं हाय. मी बारा वर्साची लगीन होऊन आलो, तवा त्या खटखटीनं म्हैनाभर झोप न्हाय आली. आता खटखट थांबली की जीव घाबरा होतोय, म्हंतो काय झालं ह्यास्नी? पावसाळ्यात सूत ओलं झालं की तुटतंय. सूत तुटतंय तिकडं आणि राग निघतोय बायकूवर. का गं, खरं का खोटं?"

"खरं, खरं!" ओसरीतल्या निम्म्या बायका विणकरांच्या होत्या. काही तर पदराने डोळे पुसत हसत होत्या.

"आणि आमची सून म्हंती, दिसाला दोन लुगडी!" आत्याबाईंनी आपला पदर पसरला. तिथे बोटभर ठिगळ होतं. "एक लुगडं निघाय तीन-चार दिस लागत्यात, पोरी. दिसाला दोन निघाली असती तर विणकराची बायकू ठिगळ लावून कार्यक्रमाला आली असती व्हय?"

काय हशा, काय टाळ्या! मास्तरीणबाई घंटा हातात धरून तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. तीन मिनिटांची तेरा झाली, पण घंटा काही वाजली नाही. पहिलं बक्षीस, एक नारळ आणि खण, आत्याबाईंच्या ओटीत पडलं.

घरी येताना मी दोन पावलं मागून चालत होते. शेवटी धीर करून विचारलं, "आत्याबाई… मंडळाचं काय?"

"मंडळ लई चांगलं हाय," त्या नारळ सावरत म्हणाल्या. "बंद कराय नको."

मला रस्त्यातच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं!

"पण," त्या पुढे म्हणाल्या, "गुरुवारचं घरात कांड्या भराय एक बाईमाणूस पायजे. दोघी कशा जाणार? तवा मी जातो. मास्तरीणबाईंनी मला पुढच्या बारीला बोलीवलंय."

तेव्हापासून दर गुरुवारी आत्याबाई मंडळात जातात आणि मी रहाटापुढे बसते. संध्याकाळी त्या येतात आणि दुपारचं भाषण मला पहिल्यापासून परत ऐकवतात. मधेच थांबून विचारतात, "बरं बोललो का न्हाय गं?"

त्यावर मला आयत्या वेळी बोलावं लागतं. विषय ठरलेला, भाषणही ठरलेलं, आणि आता ते मी कुठेही न अडखळता म्हणते:

"व्हय, आत्याबाई."