घराखालचे झरोके

लॉनी टगवेलचं निम्मं आयुष्य स्वतःच्याच घराखाली पोटावर सरपटण्यात गेलं. नदीकाठचं गाव. घर विटांच्या बुटक्या भिंतींवर उचललेलं, खाली चिखल आणि कोळी, आणि त्या भिंतींना चहूबाजूंनी झरोके. वादळाची बातमी आली की गाव पाव-दूध आणायला धावायचं, आणि लॉनी झरोक्यांतला पालापाचोळा काढायला घराखाली शिरायचा.

"पाणी येणारच," तो म्हणायचा. "त्याला आत येऊ द्यावं, बाहेर जाऊ द्यावं. अडवलं की चिडतं."

त्याची बायको आर्डिथ मात्र त्या झरोक्यांना विटली होती. हिवाळ्यात पाय गारठायचे, उन्हाळ्यात घरभर भिजल्या कुत्र्याचा वास. चर्चमधल्या बायका यायच्या त्या नाक मुरडतच. इतकी वर्षं तिने सोसलं, पण तिचं ऐकतो कोण?

लॉनी खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, तेव्हा मुलगा रॉइस रॅली शहरातून आला. तिथे घरं विकतो, म्हणजे त्याला सगळं कळतं.

"ममा, भिंतीला भोकं ठेवून कुठे पूर थांबतो का?" असं म्हणत त्याने सगळे झरोके विटा-सिमेंटने बुजवले. आर्डिथने त्याला गोड चहा नेऊन दिला.

लॉनी घरी आला तो वॉकर धरून. भिंतीकडे बघत उभा राहिला.

"कुणी केलं हे?"

"मी करायला सांगितलं."

"वादळ येतंय, आर्डिथ. शेजारच्या कर्टिसला घण घेऊन बोलाव."

"नाही बोलावणार. एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे."

ती रात्र त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये काढली. पाणी चढलं, त्याला आत शिरायला वाट मिळाली नाही, आणि त्याने नदीकडची भिंतच आत ढकलली. सकाळी घर एका अंगावर बसलेलं होतं. शेजारी कर्टिसचं घर, झरोक्यांसकट, चिखलाने बरबटून ताठ उभं होतं. लॉनी वॉकरच्या टोकाने कर्टिसच्या झरोक्यातला पालापाचोळा काढू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर आर्डिथला बरं वाटलं असतं.

आता दोघं रॉइसकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. आभाळ भरून आलं की लॉनी खुर्चीतून विचारतो, "आर्डिथ, झरोके उघडलेस का?"

"डॅडींना आताशा काही आठवत नाही," रॉइस हळूच म्हणतो.

आर्डिथला ठाऊक आहे, तो काहीही विसरलेला नाही.

"उघडले," ती म्हणते, आणि खिडकी लावून घेते.