जावेच्या फ्रेंच फ्राईज

माझ्या धाकट्या जावेनं माहेराहून इलेक्ट्रिक कढई आणली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. पसरट, काळी, बाजूला आच कमीजास्त करायचं बटण. मी या घरात पंधरा वर्षं चुलीपुढं डोळे फोडले, मला कुणी साधा मिक्सर आणून दिला नाही. आणि ही बया येऊन चार महिने झाले नाहीत तर म्हणती, "ताई, रस्त्याकडचा गाळा रिकामाच हाय ना? मी तिथं फ्रेंच फ्राईज विकीन."

आमचं घर मंचर-घोडेगाव रस्त्याला. समोरून कॉलेजची पोरं जातात. कल्पना चांगली होती, म्हणून तर मला झोंबली. ती बारावी शिकलेली, गोड बोलणारी; शेतात मात्र एक दिवस गेली की दोन दिवस कंबर धरून बसायची. गाळा मिळाला तर शेतातून सुटका, नाही मिळाला तर माझ्याबरोबर बटाटा काढायला. तिलाही हे ठाऊक होतं.

मामा, म्हणजे आमचे सासरे, म्हणाले, "रविवारी करून दाव. खाऊन बघू. जमलं तर गाळा तुजा, न्हाई तर खताची पोती टाकतो."

रविवारी सकाळी तिनं मला विचारलं, "ताई, बटाटं कुठलं घेऊ?"

ती पिंपळवंडीची, ऊस-कांद्यातली. बटाटा म्हणजे बटाटा, एवढंच तिला माहीत. आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल, की कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला बटाटा गोड होतो, तळला की काळा पडतो न् मऊ राहतो. वेफर्सवाले त्याला हात लावत नाहीत. शेतावर आरणीत, पाचटाखालच्या ढिगात, ताजा बटाटा पडला होता. ओट्याखाली कोल्ड स्टोरेजमधून आणलेलं पोतं होतं.

"ह्या पोत्यातलं घे," मी म्हणाले. "लई टणक हायेत बघ. कुरकुरीत व्हतील."

खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पोरीनं मन लावून केलं, ते नाकारत नाही. बोटाएवढे काप एकसारखे कापले, तीन पाण्यांतून धुतले, तासभर भिजवले, जुन्या सुती साडीवर पसरून कोरडे केले. आधी मंद तेलात अर्धवट तळले, काढून गार केले, मग बटण पुढं करून कडक तेलात पुन्हा सोडले. मी दारात उभी राहून बघत होते. काप बघता बघता तांबूस झाले, मग टोकांना काळे. तिनं घाबरून लवकर काढले तर लुळे पडले. दुसरा घाणा जास्त वेळ ठेवला, तो पार करपला.

मामांनी एक उचलला, तो मधेच वाकला. "गुळात बुडवलेत व्हय गं?"

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तिचा नवरा तरी बाजू घेईल, तर तोच म्हणाला, "माजी लाज काढलीस." बटाटा कुठला होता, हे कुणी विचारलंच नाही. सून चुकली म्हटल्यावर बटाट्याची चौकशी कोण करतंय? ती ताट घेऊन आत गेली. संध्याकाळी गाळ्यात खत पडलं. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, का लपवू?

पंधरा दिवसांनी मी आरणीतले बटाटे आणून तिच्याच कढईत, तिचीच रीत धरून केले. सोनेरी, कडकडीत. मामांनी दोनदा मागून घेतले. तिनं एक खाल्ला न् तिचे डोळे भरून आले. "ताई, माजं काय चुकलं व्हतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "हातगुण असतो बाई. एकेकीला नसतोच."

तिला ते पटलं. तिनंच मामांना जाऊन सांगितलं, "गाळा ताईंना द्या. त्यांच्या हाताला चव हाय." मामांनी खत हलवलं.

आता गाळा माझा. ती सकाळी शेतावर जाती, दुपारी माझ्याकडं येऊन बटाटे सोलती, कापती, धुती. परवा गर्दी बघून हळूच म्हणाली, "ताई, एक घाणा मी तळू?"

"नको," मी म्हणाले, "गिऱ्हाईक तुटंल."

"व्हय, ते बी खरंच," ती म्हणाली न् सोलायला बसली.