बंदीतले दोन महिने

मालाडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात जून लागला की मंजुळाबाई उजाडल्यावर उठतात. एरवी अंधारातच बंदर गाठायचं, लिलावात ओरडून बोली लावायची, पाटी भरून बाजारात बसायचं आणि कोयत्याने मासे कापत दिवस काढायचा, हे त्यांचं लग्नापासूनचं आयुष्य. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, नवरा महादू पडवीत फाटकी जाळी घेऊन बसलेला. सुके बोंबील, जवळा थोडाफार विकायचा, बाकी अंग टेकायचं. कोळीवाड्यातल्या बायका वर्षभराची दुखणी याच दोन महिन्यांत काढतात. कुणी दाढ उपटून घेते, कुणी माहेरी जाते, कुणी नुसती झोपते.

आणि नेमकी त्याच वेळी अमेरिकेतल्या एका कॉलेजला उन्हाळी सुट्टी असते.

त्या कॉलेजची दहा-बारा मुलं दर जूनमध्ये येत. अंधेरीच्या एका हॉस्टेलवर राहत आणि रोज कोळीवाड्यात येऊन बसत. वस्तीकडून शिकायचं आणि वस्तीसोबत एखादा धंदा उभा करायचा, असा तो अभ्यासक्रम. त्यांच्याबरोबर प्राध्यापक देवव्रत सर असत आणि इथल्या संस्थेतली स्वरदा. स्वरदा मुलुंडहून यायची, बायका गोळा करायची, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची.

मंजुळाबाई बोलायला मोकळ्या, हसायला पुढे. त्यामुळे पहिल्याच वर्षी त्या पोरांच्या लाडक्या झाल्या. त्या वर्षी जवळ्याच्या चटणीच्या बरण्या निघाल्या, वर मंजुळाबाईंचा फोटो. पुढच्या वर्षी जुन्या जाळ्यांच्या पिशव्या. त्याच्या पुढच्या वर्षी पाहुण्यांना घरी बोलावून कोळी जेवण. पोरं भली होती, राबायला मागेपुढे बघत नव्हती. पण जुलै संपता संपता ती विमानात बसायची आणि ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात जायच्या. मग चटणी कोण कुटणार आणि पिशव्या कोण शिवणार? धंदा आपोआप मिटायचा.

यंदा मंजुळाबाईंचा गुडघा सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आराम. खाली मांडी घालून बसायचं नाही." आराम काय तो बंदीतच जमेल, म्हणून यंदा पोरांच्या कामाला नाही म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात छत्री मिटत स्वरदा दारात उभी.

"मावशी, एवढं शेवटचं. तुम्ही आलात की बाकीच्या येतात. नाहीतर माझी वाट लागेल."

"दरवर्षी शेवटचंच असतं गं तुझं."

स्वरदा हसली नाही. पायरीवर टेकली, चप्पल काढून पाय चोळत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मंजुळाबाईंनी चहा टाकला, आणि चहा पिऊन होईपर्यंत त्यांच्या तोंडून 'नाही' काही निघालं नाही.

समाजमंदिरात बायका बसल्या. भिंतीवर रंगीत कागद चिकटवलेले. मार्गो नावाच्या उंच मुलीने विचारलं आणि स्वरदाने मराठीत सांगितलं, "तुमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?" एकेक जण सांगू लागली. बर्फ महाग, बाजारात पाणी नाही, मुतारी नाही. पंखा गरगरत होता. मंजुळाबाईंची मान शेजारच्या नलिनीच्या खांद्यावर कधी कलली, त्यांना कळलंच नाही. थोड्या वेळाने घोरणंही ऐकू यायला लागलं.

स्वरदाने हळूच हात लावला. मंजुळाबाई दचकून उठल्या आणि बंदरावर मासळीच्या लिलावात असल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "काय भाव लावलास रे हलव्याला?"

सगळ्या बायकांना हसू फुटलं. मंजुळाबाईही हसल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. आणि हसता हसता त्यांना रडू आलं. एकदा आलं ते थांबेना.

देवव्रत सर खुर्ची घेऊन आले. "मावशी, बरं नाही का? डॉक्टरकडे जायचं?"

"नाय सर. दमलेय." त्यांनी नाक पुसलं. "तुमची सुट्टी न् आमची सुट्टी एकच हाय. पोरं सुट्टीत हितं येतात. मी सुट्टीत कुठं जाऊ?"

स्वरदाने ते इंग्रजीत सांगितलं. मार्गो लाल झाली. "आम्ही दुसऱ्या कुठल्या महिन्यात आलो तर?" तिने विचारलं. पण इतर महिन्यांत त्यांचे वर्ग असायचे, आणि तेव्हा इकडे बायकाही बाजारात असायच्या. चूक कुणाचीच नव्हती.

मंजुळाबाईंना न्यायला त्यांची सून निशा आली होती. दारातूनच म्हणाली, "आईंच्या जागी मी बसते."

मंजुळाबाईंची सुटका झाली खरी. पण निशा सकाळी समाजमंदिरात गेली की भाकऱ्या, धुणं आणि निशाची दोन वर्षांची, सारखी धावणारी पोर मंजुळाबाईंच्या गळ्यात. मुलगा कृणाल होडीचं इंजिन खोलून बसलेला, त्याला चहाही हातात लागायचा. गुडघ्याची सूज उतरायचं नाव घेईना. 'बस झालं, घरी बस' असं सुनेला सांगायचं, असं एका संध्याकाळी त्यांनी मनाशी पक्कं केलं.

निशा आली ती बोलतच आली. "आई, आज मी सरांशी भांडले! म्हटलं, बरणी नको न् पिशवी नको. ऑगस्टमध्ये आम्ही मासेच विकणार, तर त्याचंच काहीतरी करा. बिल्डिंगवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर घेऊ. मार्गो म्हणाली, हेच करू या."

लग्न होऊन चार वर्षांत ही पोर एवढं कधी बोलली नव्हती. मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलेलं गिळून टाकलं. "हातपाय धू," एवढंच म्हणाल्या.

पोरं गेली, होड्या पाण्यात गेल्या. निशाच्या फोनवर ऑर्डरी आल्या, पण थोड्याच. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका भावात घासाघीस करायच्या, काही साफ केलेला मासा परत पाठवायच्या. तरी निशाने चिकाटी सोडली नाही. काम मात्र कमी झालं नाही. बाजारातून आल्यावर मंजुळाबाई ऑर्डरींचे मासे कापायला घरी पुन्हा कोयता घ्यायच्या, एवढंच की आता उंच फळीवर, उभ्याने.

सप्टेंबरात, ऐन हंगामात, मंजुळाबाईंनी कपडे पिशवीत भरले. "अर्नाळ्याला मालनकडे जाते," म्हणाल्या. मालन म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

"आता? धंदा सोडून?" कृणाल उखडला. महादूने रिक्षा बोलावली.

"बाजारात मी बसते," निशा म्हणाली. "जा तुम्ही आई."

हंगामात बहीण दारात बघून मालन घाबरली. "काय झालं गं? घरात भांडणबिंडण झालं?"

"नाय गं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि चटई शोधू लागल्या. "झोपायला आलेय."