आवाज गेल्यानंतरची बुनरेताई

कोरियातल्या आमच्या वाओनच्या खाडीत बुनरेताईनं उभी हयात चिखलावरून घसरणाऱ्या फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायानं चिखल रेटत शिंपल्या गोळा केल्या. गुडघे कुरकुरायला लागले, तशी ती शहरातल्या लोकांना बोरूच्या बनातून पाणथळ दाखवायला नेऊ लागली.

तोंडाची टकळी अखंड चालू. “हा खेकडा बघा, थेट माझा नवरा! सरळ चालेल तर शपथ!” लोक पोट धरून हसायचे. पण हशा पिकला की क्रौंच उडून पलीकडच्या काठाला जायचे.

मग तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनं जीव वाचला, आवाज मात्र गेला. ताईनं दार लावून घेतलं. मी शेजारीण, रोज भाताची पेज घेऊन जायची. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

शेवटी मी चिडले. “ताई, पाय शाबूत आहेत ना? ऊठ! बोलायचं मी बघते.”

शरद संपत आला होता, क्रौंच नुकतेच उतरले होते. पहिल्याच फेरीत मी ऐटीत बोट दाखवलं, “तो बघा क्रौंच!” तो निघाला बगळा. ताईनं असा चिमटा काढला की मी किंचाळले. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला, सगळ्यांना बांधावर बसवलं आणि स्वतःच्या कानामागं तळवा धरला.

ओहोटी लागली होती. आधी नुसता वारा. मग चिखल हलकेच बुडबुडायला लागला, चुलीवर भात रटरटावा तसा. कुणी हललं नाही. क्रौंचांचं एक जोडपं मध्ये पिल्लू घेऊन चरत चरत जवळ आलं, इतकं की त्यांच्या चोचींचा आवाजही कानी पडला.

उठताना एका जाडजूड गृहस्थानं ताईचे दोन्ही हात धरले. “आजी, मी मागंही आलो होतो. हसून हसून मुरकुंडी वळली, पण पक्षी एकही दिसला नव्हता!”

ताईचे खांदे गदगदले. रडतेय वाटून मी वाकून पाहिलं, तर बाई हसत होती. डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

आता लोक तिचं नाव विचारत येतात. मी मागून गप्प चालते, आणि ही मला शिक्षाच आहे. घरी परतताना मी सगळं साठलेलं भडाभडा बोलून टाकते. मध्येच थांबते, सवयीनं, तिच्या टोमण्याची वाट बघत. ती कोपरानं मला ढोसते. आम्ही चालत राहतो.