शालीखालची आई

आमच्या घरात देवांच्या फळीशेजारी एका गोऱ्या बाळाचा फोटो होता. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, मावशी त्याला हार घालायची. गावात नव्याने आलेला माणूस ते बघून चक्रावून जायचा. जुन्यांना थट्टेला विषय झाला होता. ह्यांच्या घरी साहेबाच्या पोराचं श्राद्ध घालतात, असं शेजारच्या काकू येईल त्याला सांगायच्या. मावशी चिडायची नाही. ती सहाणेवर गंध उगाळायची आणि बाळाच्या डोक्याच्या जरा वर, मागच्या शालीच्या एका चुणीवर, बोट टेकवायची. डोकं तिथेच असणार, असा तिचा अंदाज होता.

त्या शालीखाली माझी आई बसली होती.

वडील मी पोटात असतानाच वारले. मी चार महिन्यांची झाल्यावर आईने मला थोरल्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या, ओटीत घातलं आणि ती बेळगावच्या कँपात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर आया म्हणून राहिली. मावशीही एकटीच होती आणि तिचं घर नंदगडजवळच्या एका खेड्यात होतं. आई महिन्यातून एकदा यायची, खानापुरापर्यंत आगगाडीने आणि पुढे चालत. आली की मावशी तिला मागच्या दाराला उभी करायची. साहेबाघरचं खाल्लंप्यालेलं, शिवलेलं अंग, म्हणून तिथेच डोक्यावरून पाणी घ्यायचं, लुगडं बदलायचं आणि मगच घरात पाऊल टाकून मला उचलायचं. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून सगळा दोष एकट्या मडमेवर जाईल.

बंगल्यातली मुलगी माझ्याच वयाची होती. ती वर्षाची झाली तेव्हा तिला फोटोसाठी कँपातल्या एका स्टुडिओत नेलं. त्या काळी फोटो निघेपर्यंत अजिबात हलायचं नसे, आणि ती मुलगी आयेच्या मांडीखेरीज कुठेही टेकेना. मग फोटोवाल्याने तिला माझ्या आईच्या मांडीवरच बसवून फोटो काढला. तो मडमेला पसंत पडला नाही. आठवड्याने सगळे परत गेले. या वेळी आईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत एक काश्मिरी शाल टाकली आणि मुलीला वर बसवलं. फोटोत ती उंच पाठीच्या खुर्चीवर बसल्यासारखी दिसते. ही सगळी हकीकत आई घरी हसत सांगायची. "मी खुर्ची झालते गं," असं म्हणायची आणि मला मांडीवर ओढायची.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसा साहेब लढाईवर गेला आणि मडम मुलीला घेऊन विलायतेला निघाली. निघताना तिने त्या फोटोची एक प्रत आईला दिली, मुलीची आठवण म्हणून. तिच्या परीने तो चांगुलपणाच होता आणि मी तो नाकारत नाही. आई पुढे दुसऱ्या बंगल्यावर राहिली, आणि मी सात वर्षांची असताना तापाने गेली. तिचा दुसरा कुठलाही फोटो नव्हता.

सात वर्षांच्या पोरीच्या लक्षात राहून राहून किती राहणार? तिच्या हातांना येणारा साबणाचा वास माझ्या लक्षात होता. चालताना ती डावा पाय किंचित ओढायची, ते लक्षात होतं. चेहराही बरीच वर्षं होता. मी शिकले, चिकोडीला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. मी काही फार हळवी बाई नाही. मुली माझ्या पाठीमागे मला खडूस म्हणायच्या आणि ते मला ठाऊक होतं. पण एके दिवशी वर्गात मुलींना आईवर निबंध लिहायला बसवलं, आणि त्या लिहीत होत्या तेवढ्या वेळात मी आपल्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. तो आला नाही. डोळे मिटले की शाल दिसायची. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. आईचं मरण मी पचवलं होतं, पण ती आता माझ्यातूनही निघून चालली होती.

तेव्हा मला तो पहिला फोटो आठवला, मडमेला न आवडलेला. त्यात शाल नव्हती. पुढच्या रविवारी मी सर्व्हिस मोटारीने बेळगावला गेले.

स्टुडिओ होता तिथेच होता. मालक, म्हणजे तेव्हाचा फोटोवालाच, सत्तरीचा, नजरेने अधू झालेला, पण बोलायला खणखणीत. त्याचा मुलगा आता धंदा बघत असे. मी काय हवंय ते सांगितलं तर मुलगा हसला. फोटो आधी ज्या काचेवर उतरतो तसल्या नापसंत काचा कोणी ठेवत नाही, त्या धुऊन पुन्हा चौकटींना वापरतात, असं म्हणाला. म्हातारा मात्र उठला. एका गिऱ्हाइकाच्या काचा आपण एकाच पाकिटात ठेवत होतो, कधीकधी नापसंतही त्यात राहून जाते, असं म्हणत तो आत गेला आणि मला बसायला सांगितलं.

तो शोधत होता तोवर मी भिंतीवरचे फोटो पाहत बसले. शिकारीचे, पोलोचे, बंगल्यापुढच्या मेजवान्यांचे. पहिल्यांदा नुसते पाहिले, मग शाळेत वह्या तपासते तसे तपासू लागले. एका फोटोत साहेब घोड्यावर, शेजारी त्याचा कुत्रा आणि लगाम धरलेला मोतद्दार. कुत्र्याच्या मिशा मोजता येत होत्या. मोतद्दाराला नाक नव्हतं. फेट्याखाली नुसता काळा गोळा. दुसऱ्या फोटोत मेजवानीच्या टेबलामागे सहा बटलर उभे होते, सहाही जणांचे सदरे परीटघडीचे आणि सदऱ्यांवर तोंडं नव्हती. कोणी त्यांच्यावर शाल टाकली नव्हती. ती माणसं उजेडात, सगळ्यांबरोबर उभी होती.

म्हातारा काच घेऊन आला. काचेत सगळं उलटं दिसतं, गोरं ते काळं आणि काळं ते आरपार. बाळाचं तोंड काळंकुट्ट होतं, त्यात डोळे, ओठ, हनुवटीची खळी, सगळं रेखीव. आणि आईच्या तोंडाच्या जागी काच स्वच्छ होती, आरपार. पलीकडून धरलेली म्हाताऱ्याची बोटं मला तिच्यातून दिसत होती.

मी विचारलं, हे असं का. त्याने भाजीत मीठ किती घालावं ते सांगावं तसं सांगितलं. "बाई, एका काचेवर दोघं येत नाहीत. उजेड गोऱ्या तोंडापुरता धरला की आपलं माणूस काळं पडतं. आपल्या माणसाचं तोंड यावं म्हणून जास्त धरला तर गोऱ्याचा नुसता पांढरा डाग होतो."

मग कोणाच्या तोंडाचा उजेड धरायचा हे कोण ठरवतं, असं मी विचारलं. ज्याचा फोटो असेल त्याच्या, असं तो म्हणाला. आईही त्यात होतीच की, असं मी म्हटल्यावर मात्र त्याने काच पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली. माणूस वाईट नव्हता. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

तोपर्यंत मी समजत होते की अन्याय त्या शालीने केला. शाल काढली की आई सापडेल, एवढा साधा हिशेब मांडून मी चिकोडीहून आले होते. पण शाल नव्हती तेव्हाही आई तिथे नव्हती. शाल टाकणारीवर रागावता तरी येतं. उजेड मोजणाऱ्यावर कसं रागावणार? तो रोजचं काम करत होता. मला राग आलाच, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना.

मुलाने सुचवलं की माझाच फोटो काढून त्यावरून आईचा चेहरा रंगवता येईल, बरेच लोक असं करून घेतात. मी नको म्हटलं. भिंतीवरून माझीच माझ्याकडे नजर, हे मला परवडणारं नव्हतं. म्हाताऱ्याने मग स्वतः त्या काचेवरून एक अगदी फिकट प्रत काढून दिली. तिच्यात बाळ जवळजवळ नाहीसं झालं आणि काळोखातून थोडं काही वर आलं. डोळे नाहीत, नाक नाही. पण दात दिसत होते आणि तोंड अर्धवट उघडं होतं. ती हसत काहीतरी बोलत होती.

तेवढ्यावरून म्हाताऱ्याला सगळं आठवलं. गप्प बस म्हणून आपण तिला दोनदा दटावलं होतं, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या वेळी शालीखालूनही ती बोलतच होती. मडमेला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं. ती काय बोलत होती ते आठवतं का, असं मी विचारलं. त्याला आठवत होतं, कारण शालीने बोलावं हा प्रकार त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता. बाळ रडायला लागलं की ती त्याला सांगायची, "माझी बी एक हाय घरला, एवढीच. ती बघ कशी, अज्याबात रडत न्हाय."

तिथूनच मी आगगाडीने खानापूर आणि पुढे चालत मावशीकडे गेले. मावशी तेव्हा थकली होती. तिने फोटो दारातल्या उजेडात धरला आणि पुष्कळ वेळ पाहिला. मी तिला म्हाताऱ्याने सांगितलेलं सांगितलं. ती फोटो खाली ठेवेना आणि माझ्याकडेही बघेना.

"लई रडायचीस गं तू," ती म्हणाली. "सांज झाली की सुरू, पार आवाज बसस्तवर. ती आली की इचारायची, रडती का म्हणून. मी न्हाय म्हणायची. व्हय म्हटलं असतं तर ती माघारी गेली नसती, आणि मग तिघींनी खायचं काय हुतं?"

 आपली पोर रडत नाही, असं आईला मरेपर्यंत वाटत राहिलं होतं. मावशीच्या हातातल्या फोटोत ती हसत होती ती त्याच भरवशावर.