खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी

आधीच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी हाताला येईल तसं देते. शाळा चौथीपर्यंत झाली. नंतर गोडदेवच्या शाळेतून थेट मिठागरावर, तिथे वेलांटी कुणी तपासत नव्हतं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून मनात साचलेलं इथे काढून ठेवते.

आमच्या ह्यांनी तीस वर्षं भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारली. कारखाना बंद झाला तेव्हा जे पैसे हातात आले, त्यांतून माणूस रिक्षा घेतो, नाहीतर गाळा घेतो. ह्यांनी चाकांवरचं घर घेतलं. घोडबंदरच्या बाजूला शूटिंगला गाड्या पुरवणारा एक जण होता, त्याच्याकडून जुनी घरगाडी. तिला इंजिन नाही, जीपच्या मागे जोडून ओढायची. आत दोन पलंग, एक ओटा, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं न्हाणीघर. ती उत्तनपुढच्या चौक गावाला समुद्राजवळ उभी करायची, शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायची आणि आपण खुर्ची टाकून पैसे मोजायचे, असा बेत होता.

गाडीची किंमत मोजायलाच ऐंशी हजार कमी पडले. ते थोरल्या नणंदेने दिले. तिच्या मुलीच्या लग्नासाठी जमवलेले. लग्न वैशाखात होतं. देताना ती भावाला काही बोलली नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "वयनी, पैसं तुज्या हातान देते. वैशाखाच्या आधी तुज्याच हातान घेनार. त्याला मी वलखते."

म्हणजे गाडी ह्यांची आणि जबाबदारी माझी. वाटणी चोख झाली.

गाडी आमच्या जुन्या मिठागराच्या बांधावर उभी केली, कारण जागा आपली आणि फुकट. मग ह्यांचं प्रेम सुरू झालं. रोज सकाळी चहाच्या आधी बोअरिंगचा पाइप लावायचा आणि गाडी धुवायची. वरून, बाजूने, आणि खाली वाकून सांगाड्यालासुद्धा. मग फडक्याने पुसायची, कारखान्यात डबे पुसायचे तशी. एवढी सेवा लग्नानंतर माझी झाली असती तर मी आज जाहिरातीतल्या बाईसारखी दिसले असते. धुऊन झालं की वर जाड ताडपत्री, जमिनीपर्यंत घट्ट बांधलेली. वारा शिरायला बोटभर जागा नाही. म्हणजे गाडीला थंडी वाजू नये.

बांधावरच्या त्या बोअरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. मिठागरात माझे बाबा मीठ ओढायची फळीसुद्धा लाकडाची वापरायचे, लोखंड तिथे टिकत नाही म्हणून. कोयत्याला तेल चोळून तो झोपडीत उंच खोचून ठेवायचे. ह्यांच्या वडिलांनीही तेच केलं. मुलगा मात्र स्टीलच्या कारखान्यात शिकून आला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, हे पाणी खारं आहे. गंज लागेल."

"स्टीलला गंज लागत न्हाय. तीस वर्सं तेच केलं मी."

"पण हे लोखंड दिसतंय."

"तू चौथी ना?" हे म्हणाले. विषय संपला. ह्यांच्यासारख्या बारावीवाल्यांना गंज विचारून येतो, हे मला माहीत नव्हतं.

पावसाळा गेला, दसरा आला. पुढच्या दांड्याला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि सांगाड्यावरच नारळ फोडला. पाणी आत झिरपलं. मी प्रसाद खाल्ला.

डिसेंबरात पहिलं गिऱ्हाईक मिळालं. जीपवाला आला. गाडी जोडायच्या आधी तो खाली वाकला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागच्या आडव्या पट्टीला टोचला. तो काकडीत जावा तसा आत गेला. जीपवाल्याने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी समुद्राकडे.

"काका, ही उत्तनच्या चढावर दोन तुकडे होईल. मी नाही ओढणार." एवढं बोलून त्याने स्क्रू-ड्रायव्हर पँटला पुसला आणि गेला. गिऱ्हाइकाला फोन करून "गाडीच्या तब्येतीचं जरा बघतोय" असं ह्यांनी सांगितलं.

मग गल्लीतले सगळे जाणकार जमले. एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा माणूस बर्फात गाडीखाली झोपून तोंडाला मास्क लावून काहीतरी फवारत होता. त्या डब्याची किंमत ऐकून सगळ्यांनी चहा संपवला. दुसरा म्हणाला, वरून काळा रंग मारा, नवी दिसेल. ह्यांना "नवी दिसेल" एवढंच ऐकू आलं. दोन दिवसांत सांगाडा लग्नातल्या बुटासारखा चमकायला लागला. दहा दिवसांत रंगाला फोड आले. बोटाने दाबलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा आणि आतून तांबडी पूड गळायची.

त्याच आठवड्यात नणंद आली. गाडीभोवती एक फेरी मारली, प्रदक्षिणेसारखी.

"बरी केली रं देवा," ती भावाला म्हणाली. "ही जाग्यावरनं हालत न्हाय, तर माज्या पोरीला हिच्यातच नांदव. हॉल शोधायला नको."

हे हसले. ती हसली नाही. जाताना दारात माझा हात धरून हळूच म्हणाली, "वयनी, कॅटरिंगवाला आगाव मागतोय. मी त्याला काय सांगू?"

मी म्हटलं, "ताई, मी बघते." कारण पैसे माझ्या हातात दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानात सहा पुरुष उभे होते, म्हणून बाहेर दोन फेऱ्या मारल्या. शेवटी मालकच म्हणाला, "भाभी, अंदर आओ, गेट का काम है क्या?" मी मान हलवली. गेट तर गेट. तारेचे ब्रश, पॉलिश पेपर, गंज धरू न देणारं रेड ऑक्साईड, टर्पेंटाइन. बोटाने दाखवून सगळं घेतलं. गॅरेजमधून इंजिनातून काढलेलं कॅनभर जळकं ऑइल मिळालं, फुकट.

आधी सांगाडा गोड्या पाण्याने धुतला. नगरपालिकेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, तेही मोजून. हे ओरडले, "पिन्याचं पानी गाडीला?" मी म्हटलं, "तुमचं प्यायचं पाणी मी वेगळं ठेवलंय. बोअरिंगचं." ते आत गेले.

ताडपत्री सोडून तीन दिवस ऊन दिलं. मग गोणपाट पसरून गाडीखाली झोपले आणि घासायला लागले. खरं सांगते, मला तिथे फार बरं वाटायचं. तिथे कुणी चौकशी करत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना फक्त माझी पावलं दिसायची. काळा रंग, फोड, पूड, सगळं काढत खरं लोखंड लागेपर्यंत गेले. जिथे लोखंडच लागलं नाही, तिथे खडूने फुली मारली. अशा चार फुल्या झाल्या. वेल्डिंगवाल्याने तेवढे तुकडे कापून नवे जोडले. तो ह्यांना म्हणाला, "फुल्या कुणी मारल्या? बरोबर मारल्यात." हे म्हणाले, "घरचंच मानूस हाय." नाव घ्यायला काय झालं होतं कोण जाणे.

सांगाड्याचे पाइप आतून पोकळ. त्यांत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून खालून भोकं पाडून घेतली. एका भोकातून इतकं पाणी आलं की गाडी रडली म्हणायला हरकत नाही. पाइप सुकल्यावर बाहेरून रेड ऑक्साईडचे दोन हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन, आणि वर रंग. सगळं वाळलं तेव्हा पाइपांत जळकं ऑइल सोडलं आणि खालून गळलेलं पुसून घेतलं. काम सुरू झाल्याच्या चौथ्या दिवसापासून हेसुद्धा ब्रश घेऊन गाडीखाली माझ्या शेजारी येऊन झोपायचे. तोंडावर रंग गळला की शिव्या द्यायचे, पण उठले नाहीत. संध्याकाळी गल्लीत मात्र "मी ट्रीटमेंट केली" असं सांगत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. आता गाडी विटांवर उभी असते, ताडपत्री फक्त छपरावर, आणि चौकहून आली की पोटाखालून गोडं पाणी मारते. बोअरिंगचा पाइप मी कापून टाकला.

जानेवारीत जीपवाला पुन्हा आला. त्याने तीच जागा टोचली. मग दुसरी, मग तिसरी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाकलं. "आता ओढतो," म्हणाला.

माणसं आली. न्हाणीघरात डोकं आपटून घेतलं, फोटो काढले, पैसे दिले. भाडं हे घ्यायचे आणि मी त्यांच्या हातातून काढून घ्यायचे. नणंदेला आधी वीस हजार दिले, कॅटरिंगवाल्यापुरते. मग पंधरा, मग पुन्हा वीस. मार्चमध्ये दोन शनिवार-रविवार गाडी रिकामी राहिली, तेव्हा मी रोज रात्री डब्यातल्या नोटा पुन्हा मोजल्या.

लग्नाला अकरा दिवस होते तेव्हा राहिलेले पंचवीस घेऊन एकटीच तिच्याकडे गेले. घरात हळदीची तयारी, बायकाच बायका. मला दारातूनच परतावंसं वाटलं. पण आत गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "ताई, हे शेवटचे. मोजून घ्या."

तिने नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि कपाटात लग्नाच्या साड्यांखाली ठेवून किल्ली कमरेला खोचली. "ऐंशी पुरे झाले," ती म्हणाली. "बस आता, पापड लाट."