नुसता खोकला

सिंदी मेघेत आमच्या गल्लीत कुणाचाही कम्प्युटर बिघडला की तोच एक दुरुस्तीवाला येतो. बसण्याआधी रुमालाने कीबोर्ड पुसतो, टेबलावरची बिलं सरळ रचून ठेवतो आणि काम करताना कम्प्युटरशी बोलतो, "चाल बापू, ऊठ आता." पसारा त्याला सहनच होत नाही.

परवा आमचा कम्प्युटर सुरूच होईना. विंडोज नव्याने टाकावं लागेल म्हणाला. मी बजावलं, "आधी सगळं कॉपी करून घ्या. काही सोडू नका."

"टेन्शन नका घेऊ, भाऊ."

संध्याकाळी कम्प्युटर सुरू झाला. लग्नाचे फोटो होते, मुलीची प्रमाणपत्रं होती. आईचा आवाज मात्र कुठेच नव्हता. शेवटच्या आजारपणात ती जे बोलायची ते मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुसरीकडे त्याची प्रत नव्हती.

विचारलं तर म्हणाला, "ते होय? ऐकलं नं मी. नुसता खोकलाच होता त्यात. कचरा कायले ठेवाचा? घेतलंच नाई ते."

"माझी आई होती ती. आता परत येईल?"

"नाई. फॉरमॅट मारला नं." त्याने टेबलावरची वायर नीट गुंडाळली. "पण फोल्डरले नाव काऊन नाई देल्लं तुम्ही?"

त्याला खरंच कळत नव्हतं.

जाण्याआधी त्याने स्क्रीनवर एक नवं फोल्डर तयार केलं आणि त्याला 'आई' असं नाव दिलं.

"आता इथंच ठेवत जा," तो म्हणाला.